काकीसरकारांचं उत्तर

“पूर्ण स्क्रिप्ट नाही मिळणार, बाई,” वृषाली धामणकर म्हणाली. “रोजची पानं रोज सकाळी.”

मी तिच्यापुढं चहाची कपबशी ठेवत होते, ती हातातच राहिली.

“म्हणजे मी कोण, काय करते, हे मला रोज सकाळी कळणार?”

“रहस्यकथा आहे ना. खुनी कोण हे कलाकारांना आधी कळलं की चेहऱ्यावर दिसायला लागतं. आणि एक विनंती आहे. मूळ कादंबरीसुद्धा वाचू नका.”

“पोरी, मी बावीस सिनेमे केलेत. माझ्या चेहऱ्यावर काय दिसावं ते मी ठरवते.”

ती हसली. अठ्ठावीस-तिशीची असेल, कापलेले केस, खांद्याला झोळी. पुण्याहून माझ्या कोल्हापूरच्या घरी आली होती. ही ब्याण्णव सालची गोष्ट. टीव्हीवर तेरा-तेरा भागांच्या मालिकांचे दिवस होते, आणि ही बया एका जुन्या कादंबरीवरून तशी मालिका करत होती. मला पंचावन्नावं लागलं होतं, आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून चौदा वर्षं झाली होती. मंडईत लोक मला बघून आधी “ह्यांना कुठंतरी पाहिलंय” म्हणायचे, मग कुणीतरी “अहो, दमयंती सरनोबत!” म्हणायचा. त्या “अहो”साठी मी मंडईत अर्धा तास जास्त रेंगाळायचे, खोटं कशाला सांगू!

“गोष्ट तरी सांगशील की तीही बंद पाकिटात?”

“तुम्ही काकीसरकार. बंगल्याच्या मालकीण. एका सकाळी घरातली मोलकरीण, गोदा, जिन्याखाली मरून पडलेली सापडते. तिच्या अंगावर काकीसरकारांची केशरी शाल असते. पाठमोरी बघून सगळ्यांना वाटतं काकीसरकारच गेल्या. मग डिटेक्टिव्ह येतो आणि शोध सुरू होतो. ती शाल तिच्या अंगावर आली कशी?”

मी बशी खाली ठेवली. चहा थोडा सांडला.

“शूटिंग कुठं?”

“पन्हाळ्याला. एक छान बंगला मिळालाय.”

“आणि माझं नाव कुणी सुचवलं तुला?”

“इब्राहिमचाचांनी. आपले मेकअपमन. म्हणाले, काकीसरकार करायला दुसरं कुणी नाही.”

पन्हाळा, दुसरीचे कपडे घातलेली मुलगी आणि इब्राहिम मुल्लाणी. या तिन्ही गोष्टी एका दमात ऐकल्यावर मी सांडलेला चहा पदरानंच पुसायला लागले. कारण त्या तिन्हींत मिळून एकच नाव होतं, अनशी.

अनशी, म्हणजे अनसूया, माझी डमी होती. त्या काळी नायिकेचं लांबून दिसणारं, पाठमोरं आणि धोक्याचं काम दुसऱ्या मुलीकडून करून घेत, तिला आम्ही डमी म्हणायचो. एकसष्ट साली पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर माझ्याच साडीत ती घोड्यावर बसली, घोडा उधळला आणि ती खडकावर पडली. डोकं फुटलं, कंबर मोडली. “तिनंच हट्ट केला हो. मी नको नको म्हणत होते, ऐकलंच नाही पोरीनं.” हे मी त्या दिवशी निर्मात्याला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याला, आणि पुढं तीस वर्षं ज्यानं विचारलं त्याला. सांगताना माझे डोळे भरायचे. लोक म्हणायचे, दमयंतीबाईंचं मन केवढं! आणि अनशीबद्दल म्हणायचे, हौसेला मोल नाही. तिला पुन्हा कुठल्या स्टुडिओनं दारात उभं केलं नाही.

ते तसं घडलं नव्हतं. कसं घडलं ते दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा इब्राहिम, कारण त्या सकाळी तंबूत आमच्याबरोबर मेकअपला तोच होता.

मला ना मूल ना बाळ. यजमान जाऊन सात वर्षं झालेली. माझ्याजवळ शिल्लक काय, तर नाव. आणि आता ही पोरगी झोळीतून माझीच गोष्ट काढून माझ्यापुढं ठेवत होती आणि वर म्हणत होती, कादंबरी वाचू नका!

नाही म्हणावं असं वाटलं. मग विचार केला, मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी उभी राहील, आणि माझ्या पाठीमागं काय काय दाखवतील ते मला थेट टीव्हीवर दिसेल. त्यापेक्षा आत शिरून लक्ष ठेवलेलं बरं.

“करते,” मी म्हटलं. “पण मेकअप इब्राहिमभाईच करतील.”

“चाचांनीही हीच अट घातली होती,” वृषाली म्हणाली.

बघा म्हणजे!

पन्हाळ्याला पहिल्या सकाळी मला दोन पानं मिळाली. त्यात काकीसरकार चहा पितात, गोदावर खेकसतात आणि शाल झटकून खुर्चीवर टाकतात. वावगं काही नव्हतं. पण पानं हातात ठेवताना वृषाली म्हणाली, “उद्याची अजून आली नाहीत. लेखक पुण्यात बसून लिहितात, एसटीच्या पार्सलनं पाठवतात.” मी मान हलवली. पुण्याचा लेखक पन्हाळ्याच्या शूटिंगचं रोज ताजं लिहून एसटीनं पाठवतो म्हणे! एवढी ढळढळीत थाप मारताना तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. पोरगी नटी झाली असती तर नाव काढलं असतं.

दिवाणखान्यात शिरले आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. काकीसरकारांच्या तरुणपणाचे म्हणून माझेच जुने फोटो फ्रेम करून लावले होते. नऊवारीतला, हातात वीणा घेतलेला, बक्षीस घेतानाचा. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, घोड्यावरचा. बाई पाठमोरी, पदर उडालेला, मागं पठार.

ती मी नव्हते, अनशी होती.

“हा कुठून आणलास?” मी विचारलं.

“चाचांनी दिला. काय फोटो आहे हो! तुम्ही घोडा स्वतः चालवायचात ना?”

“हो,” मी म्हटलं.

“डमी नाही वापरलीत कधी?”

एवढं सरळ विचारलं तिनं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं कौतुक. पण मीसुद्धा आयुष्यभर डोळ्यांत हवं ते आणूनच भाकरी खाल्ली होती, मला कोण फसवणार?

“नाही,” मी म्हटलं. ज्याला त्याला सांगत आले होते ती अनशीची गोष्ट तिच्यापुढं मात्र तोंडातून निघेना.

जेवणाच्या सुट्टीत दिवाणखाना रिकामा होता. मी खुर्चीवर चढले, फ्रेम उतरवली आणि कपाटामागं सरकवून दिली. परत शॉट लागला तेव्हा वृषालीनं मॉनिटरवर बघितलं आणि ओरडली, “घोड्याचा फोटो कुठं गेला? सकाळच्या शॉटमध्ये आहे तो! कंटिन्युटी जाईल.” सगळं युनिट शोधायला लागलं. निनाद केतकर, जो डिटेक्टिव्ह झाला होता, त्यानंच तो कपाटामागून काढला. भूमिका फारच मनावर घेतली होती लेकानं.

“कुणी ठेवला असेल तिथं?” तो माझ्याकडं बघत म्हणाला.

“डिटेक्टिव्ह तू आहेस,” मी म्हटलं. “शोध.”

फोटो परत भिंतीवर गेला. तेव्हापासून माझा एकेक शॉट अनशीच्या पाठीसमोर झाला.

संध्याकाळी पॅकअपनंतर मी इब्राहिमभाईला गाठलं. मेकअपच्या खोलीत तो ब्रश धुऊन फडक्यावर ओळीनं वाळत घालत होता. सत्तरी उलटलेली, पण हात अजून थरथरत नव्हता.

“काय सांगितलंस त्या पोरीला?”

“कुठल्या पोरीला?”

“येड घेऊन पेडगावला जाऊ नकोस, इब्राहिमभाई. शाल, पाठमोरी बाई, पन्हाळा. हे सगळं आपोआप आलं होय?”

त्यानं शेवटचा ब्रश झटकला. “बाई, तीस वर्षांत मी कधी काही बोललो का?”

“आधी नाही बोललास म्हणून आताही नाही बोललास असं होत नाही.”

“नाही होत,” तो म्हणाला आणि पेटी बंद केली. एवढंच. हो नाही की नाही नाही. सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा माणूस मला मनापासून आवडत नाही, आणि मी स्वतः तशीच असल्यामुळं तर मुळीच आवडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा मेकअप माझा मीच केला. तो दाराशी स्टुलावर बसून राहायचा. मी आरशातून त्याच्याकडं बघायचे, तो खिडकीबाहेरच्या धुक्याकडं. वृषालीनं कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, चाचांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. चाचांनी ते ऐकलं आणि स्टूल जरा बाहेर सरकवलं.

पुढं रोजची पानं वाचताना मी त्यात आणखी काय लपलंय ते शोधू लागले. तिसऱ्या दिवशी डिटेक्टिव्ह विचारतो, “त्या सकाळी तुमची तब्येत ठीक नव्हती म्हणे?” एकसष्ट साली मी तेच कारण दिलं होतं. चौथ्या दिवशी माळीबुवा म्हणतो, “सरकारांना धोका ठाऊक हुता, म्हून त्या सवता जिन्यावर गेल्या न्हाईत.” मी वृषालीला बाजूला घेतलं.

“हे वाक्य कुणी घातलं?”

“कादंबरीतच आहे.”

“दाखव मला कादंबरी.”

“शूटिंग संपू दे, बाई. मग नक्की.”

मी दोनदा बॅग भरली. दोन्ही वेळा परत सोडली. निघून गेले असते तर ती म्हणाली असती, का गेल्या बरं? आणि ज्याच्या मनात काही नाही त्याच्याही मनात आलं असतं.

सहावा दिवस माझ्या कामाचा शेवटचा. सकाळी एकच पान मिळालं. वर डिटेक्टिव्हचं वाक्य होतं.

“काकीसरकार, एवढंच सांगा. त्या सकाळी शाल तुम्ही तिला दिलीत, की तिनं हट्टानं मागून घेतली?”

खाली लिहिलं होतं, काकीसरकार, आणि पुढं दोन टिंबं. त्यापुढं कोरं.

हट्टानं! जगातले सगळे शब्द सोडून तोच. मी पान घेऊन तडक वृषालीकडं गेले.

“माझं उत्तर कुठंय?”

“येईल,” ती म्हणाली. ती कॅमेरामनशी बोलत होती, माझ्याकडं धड वळलीही नाही. “आत्ता फक्त प्रश्न घेऊ. तुमचा क्लोजअप. ऐकताना जे खरंच मनात येईल ते येऊ दे. मी कॅमेरा बंद करणार नाही, लांबवेन.”

“जे खरंच मनात येईल ते?”

“हो. मला तेच पाहिजे.”

म्हणजे उघडच बोलली. सहा दिवस दोरी ढिली सोडून आता गळ ओढला होता. मी दिवाणखान्यात जाऊन माझ्या खुर्चीत बसले. समोर निनाद, त्याच्यामागं कॅमेरा, कॅमेऱ्यामागं वृषाली. इब्राहिमभाई दाराच्या चौकटीला टेकून उभा. माझ्या डोक्यामागं अनशी.

मनात दोन्ही उत्तरं तयार होती. “तिनंच हट्ट केला, मी नको नको म्हणत होते.” हे तर पाठच होतं. डोळे कुठं भरायचे, आवाज कुठं अडकवायचा, सगळं माहीत होतं. एका टेकमध्ये दिलं असतं आणि त्या पोरीच्या तोंडावर मारलं असतं. घे, काय सिद्ध करायचं ते कर.

“साउंड,” कुणीतरी म्हणालं.

निनादनं पुढं वाकून विचारलं, “त्या सकाळी शाल तुम्ही तिला दिलीत, की तिनं हट्टानं मागून घेतली?”

मी तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, पाठ असलेलं आलंच नाही.

“तिनं काही मागितलं नाही,” मी म्हटलं. “ती चहा पीत बसली होती. मला घोडा बिथरलेला दिसला होता. सकाळी सहालाच त्यानं सांभाळणाऱ्या मोतद्दाराला पाडलं, मी तंबूच्या फटीतून बघितलं. मी सांगितलं असतं तर घोडा बदलला असता, दोन दिवस शूटिंग थांबलं असतं, एवढंच झालं असतं. पण पेपरात छापून येत होतं की ही स्वतः घोडा दौडवते. भ्याले असं मला म्हणायचं नव्हतं. मी अंथरुणात शिरले, म्हटलं मला कणकण आहे, तिला बसवा, पाठीमागून माझ्यासारखीच दिसते. माझी साडी मी माझ्या हातानं तिला नेसवली. निऱ्या मी घातल्या. ती म्हणाली, बाई, मला घोड्याची भीती वाटते. मी म्हटलं, येडे, काही होत नाही. आणि ती पडल्यावर, अजून तिला उचललंसुद्धा नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, तिनंच हट्ट केला.”

मी निनादकडं बघत राहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो आपलं वाक्य विसरला होता.

“कट,” वृषाली अगदी हळू म्हणाली.

मी वाट बघत होते. आता ती म्हणेल, “झालं, बाई, एवढंच हवं होतं.” अनशीची कुणी नातेवाईक निघेल, पेपरवाली निघेल, कुणीतरी निघेल.

आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले! लाइटवाले, चहावाले, निनाद. वृषाली धावत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

“बाई, हे कुठून आणलंत? अंगावर काटा आला! फक्त…” ती जरा घुटमळली. “तो घोडा कुठून आला मध्येच? आपल्याकडं जिना आहे ना.”

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिला खरंच माहीत नव्हतं. काहीच माहीत नव्हतं.

तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर खाकी पाकीट घेऊन आत आला. “मॅडम, पार्सल. गाडी वाटेत पंक्चर झाली हुती म्हनं.”

वृषालीनं ते फोडलं, एक पान माझ्याकडं दिलं. टाइप केलेलं. काकीसरकार, दोन टिंबं, आणि पुढं सहा शब्द. “मीच दिली. पोर थंडीनं काकडत होती.”

“खुनी भाचा आहे,” वृषाली म्हणाली. “शाल बघून तो फसला, गोदालाच काकीसरकार समजला. काकीसरकार बिचाऱ्या दयेपोटी शाल देतात. तुमचा चेहरा ठेवते मी सगळा, बाई, अप्रतिम आहे. बोलणं तेवढं काढून टाकते, आणि वर हे वाक्य घेऊ. आणि आता वाचा खुशाल कादंबरी.”

तिनं झोळीतून पिवळं पडलेलं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी पहिलं पान उलटलं. पहिली आवृत्ती, एकोणीसशे अठ्ठेचाळीस. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि शाळेत पाढे म्हणत होते.

सहा शब्दांचं ते वाक्य मी म्हटलं. तीन टेक लागले.

मेकअपच्या खोलीत गेले तेव्हा इब्राहिमभाई पेटी उघडून बसला होता. टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्या एकट्यानं. त्यानं खोबरेल तेलाचा बोळा माझ्यापुढं धरला. मी त्याच्यासमोर बसले आणि चेहरा पुढं केला.

“तू सांगितलं नव्हतंस.”

“नाही.”

“मग त्या दिवशी नाही म्हणायला काय धाड भरली होती तुला?”

“तुम्ही मला चोर ठरवून आला होतात. राग आला.” तो माझ्या कपाळावरचा रंग पुसत राहिला. “माझ्या मनात एकच होतं, बाई. तुम्ही काम करावं. चौदा वर्षं घरात बसून सुकत चालला होतात.”

“आणि तो फोटो?”

“पोरीनं घोड्यावरचा मागितला. माझ्याकडं तेवढाच होता. त्यात तुम्ही नाही हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?”

मी डोळे मिटले. त्याचा हात गालावरून हनुवटीकडं गेला.

“ती आहे का रे?” मी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

“कोडोलीला असते. भावाकडं. मी ईदला जाऊन येतो.” मग बोळा खाली ठेवून तो म्हणाला, “आज जे बोललात ते ह्या लोकांना कशाला सांगितलंत? त्यांना काय उपयोग त्याचा?”

मी वृषालीकडून जीप मागून घेतली. दुपारचे तीन वाजले होते. इब्राहिमभाई न विचारताच पुढच्या सीटवर बसला. घाट उतरताना मला वाटत होतं, ती दार लावून घेईल, शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. तिनं तसं करावं असंही वाटत होतं.

अनशी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेजारी कुबडी. केस पार पांढरे, पण खांद्यांची ठेवण तीच, माझी. आधी तिनं इब्राहिमभाईला बघितलं, मग मला, आणि तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

“अगंबाई! बाई! माझ्या दारात?” ती कुबडी शोधायला लागली.

“बस, अनसूया, बस. उठू नकोस.”

“माझ्या डोळ्यांवर इस्वास बसंना.” तिनं माझा हात धरला आणि कपाळाला लावला. मी काही म्हणायच्या आत तीच बोलायला लागली. “बाई, मला माफी करा. लई वर्सं मनात हाय. तुम्ही नको म्हणत हुता, म्या ऐकलं न्हाई. माझ्यापायी तुमचं शूटिंग बंद पडलं. लाजेपायी कदी तोंड दावलं न्हाई बगा तुमाला.”

मी इब्राहिमभाईकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

“तुला ती सकाळ आठवते?” मी विचारलं.

“कुठली आठवतीया! च्या पिलेली आठवती. मग एकदम दवाखाना. डोक्याला मार लागला न्हवं. पर तुम्ही सगळं सांगितलंसा की समद्यांस्नी. पेपरात बी आलं हुतं. आई वाचून घ्यायची कुणाकडनं तरी, आनि मला म्हणायची, तुझ्या हट्टानं तुझं वाटुळं केलंस. मरस्तोवर म्हणायची.”

मी पायरीवर बसले. आणि सकाळी कॅमेऱ्यापुढं बोलले होते ते सगळं परत बोलले. या वेळी मला शब्द सापडत नव्हते, मी अडखळत होते, दोन ठिकाणी मागंपुढं झालं. घोडा, मोतद्दार, कणकण, साडी. ती म्हणाली होती मला भीती वाटते, तेही सांगितलं.

अनशी ऐकत होती. एक शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली होती.

“म्हंजे म्या हट्ट केला न्हवता?”

“नाही.”

“म्या नको म्हणली हुती?”

“हो. भीती वाटते म्हणालीस.”

“मी म्हणली हुती,” ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं इब्राहिमभाईकडं मान वळवली. “आनि चाचा, तुम्ही दरसाली शिरखुर्मा आनत हुता.”

तो टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

मला वाटलं ती आता रडेल. मी तिच्या गुडघ्याला हात लावायला गेले. तिनं पाय मागं घेतला. मग कुबडी ओढून, भिंतीला धरून ती उभी राहिली. सगळ्या शेंगा ओसरीवर पसरल्या.

“महिपती!” तिनं घरात हाक मारली. “भाईर ये. वैनी, तू बी ये. चुलीवरचं ऱ्हाऊ दे.” भाऊ आणि भावजय दाराशी आले. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. ती अंगणाच्या टोकापर्यंत लंगडत गेली आणि गल्लीत ओरडली, “काकू! कलाक्का! जरा या हिकडं समदी!”

चार-पाच बायका आल्या, त्यांच्यामागं दोन म्हातारे आले. एक बाई मला बघून “अगं, ही ती सिनेमातली” म्हणाली. अनशीनं तिला गप्प केलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आता सांगा, बाई. पयल्यापास्नं सांगा.”

मी उठले. साडी सावरली. सगळे माझ्याकडं बघत होते.

“घोडा बिथरलेला मी बघितला होता,” मी म्हटलं.

“मोठ्यानं,” अनशी म्हणाली. “मागं ऐकू जात न्हाई.”